मनगटावरचा आरसा

बचत गटाच्या कामामुळे माझं फिरणं जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत असतं, आणि या कार्यक्रमात मी बहुतेक वेळा तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं यांवरच बोलते. आज पैशांचं काही नाही. आज सायकलबद्दल बोलायचंय. सायकल चालवताना मागून काय येतंय ते मान न वळवता कसं बघायचं, आणि त्यासाठी अंगावर बांधायचा एक छोटा आरसा असतो, तो कसा वापरायचा, एवढाच विषय आहे.

हा आरसा मी एका गावात गटाच्या बैठकीत दाखवला, तेव्हा एका आजीबाईंनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "हाऊ आरसा कसाले व माय?" प्रश्न बरोबर होता. मोटारसायकलला आरसा असतो, ट्रकला असतो, ट्रॅक्टरला असतो. मोटार वाहनाला मागचं दिसणारा आरसा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. सायकल मोटार वाहनात येत नाही, म्हणून तिला तो मिळाला नाही. म्हणजे रस्त्यावर ज्यांना लागण्याची भीती कमी, त्यांना मागचं दिसतं. आणि जिच्या भोवती ना पत्रा ना काच, ती मात्र कानांच्या भरवशावर चाललेली.

आता हे कान तरी मोकळे असतात का ते बघा. आपल्याकडे फेब्रुवारी संपला की ऊन चटके द्यायला लागतं. मुली डोक्याला, तोंडाला स्कार्फ गुंडाळून घेतात, फक्त डोळे उघडे. ते करायलाच हवं, त्याला मी नाव ठेवत नाही. पण स्कार्फ कानांवरून जातो, कापडावर वारा फडफडतो, आणि बाजूचं दिसणंही कमी होतं. त्यात आता बॅटरीवरच्या रिक्षा आणि स्कूटर आल्या, त्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. हॉर्न ऐकू येतो तेव्हा गाडी पाठीशी आलेली असते.

आणि रस्ते कुठले? धुळ्याजवळून मुंबई–आग्रा महामार्ग जातो, सुरत–नागपूर महामार्ग धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यात अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीच्या गाड्या दिवसरात्र चालू. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात. याच रस्त्यांच्या कडेने आपल्या मुली शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, आपल्या जिल्ह्यांतले तालुकेही त्यात आहेत. मुलींबरोबर अंगणवाडीच्या ताई, आशाताई, निंदणीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बायकाही सायकलवर असतात. सायकल आली म्हणून मुलगी दहावीच्या पुढे शिकली, अशी घरं तुम्हालाही माहीत असतील. पण गावातल्या एका मुलीला मागून गाडीचा धक्का लागला, की चार घरं आपापल्या मुलींच्या सायकली भिंतीला टेकवून ठेवतात. सायकल थांबली की शाळा थांबते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

सरकारी आकडा एकच सांगते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा होता मागून बसलेल्या धडकेचा, साधारण पाचातला एक. यात सगळी वाहनं आली, फक्त सायकली नाहीत. पण मागून येणाऱ्याचा धोका मनातला नाही, खरा आहे, एवढं त्यातून कळतं.

"मग वळून बघावं की!" असं कोणीही म्हणेल. वळून बघताना काय होतं ते सावकाश समजून घेऊ. आपण उजवीकडे मान फिरवतो, तेव्हा खांदा फिरतो, खांद्याबरोबर हात फिरतो आणि हँडल नकळत उजवीकडे ओढलं जातं. उजवीकडे म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, जिथून गाडी येणार आहे तिकडेच. नव्याने शिकलेल्या मुलीला विचारा, मागे बघितलं की सायकल का डोलते ते तिला बरोबर माहीत असतं. शिवाय ताशी १२ किलोमीटरच्या साध्या वेगाने सायकल सेकंदाला तीन मीटरहून जास्त पुढे जाते. मान वळवून परत आणायला दोन सेकंद लागले, तर सहा-सात मीटर आपण समोर न बघता गेलो. तेवढ्यात खड्डाही येतो आणि म्हैसही.

आता आरशाचा हिशोब बघा. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर कापतो. तो १०० मीटर मागे असताना आरशात दिसला, तर आपल्याजवळ पोचायला त्याला सात-आठ सेकंद लागतात, कारण आपणही पुढे चाललेलो असतो. सात-आठ सेकंद खूप झाले. हॉर्न ऐकून दचकल्यावर हातात एक-दोन सेकंदच असतात, आणि तेव्हा आपण काय करतो? डांबरावरून झटकन साइडपट्टीवर उतरतो. आपल्याकडे डांबराची कड कित्येक ठिकाणी वीतभर उंच असते. चाक तिरपं उतरलं की सायकल घसरते, आणि पडतो तेही रस्त्याच्या बाजूला. पावसाळ्यात तर काळ्या मातीचा गारा, चाक त्यात रुततंच. आधी कळलं तर उतरायची जागा आपण निवडतो, सरळ उतरतो, वाटल्यास पाय टेकून उभे राहतो. माझ्या मते आरशाचा खरा फायदा हाच आहे. गाडी दिसणं हे निमित्त, मिळतात ते सेकंद.

हँडलला लावायचे आरसे सायकलच्या दुकानात मिळतात. ते वाईट नाहीत, पण आपल्या रस्त्यांवर हँडल इतकं हादरतं की आरशात गाडी आहे की झाड, तेच कळत नाही. सायकल स्टँडवर एकमेकींना खेटून लावल्या की पहिला तुटतो तो आरसाच. आणि घरातली एकच सायकल सकाळी मुलगी, दुपारी आई, संध्याकाळी भाऊ नेत असेल, तर प्रत्येकाच्या उंचीला तो नव्याने फिरवावा लागतो. अंगावरचा आरसा जिचा तिच्याजवळ राहतो.

असा आरसा तीन ठिकाणी लावतात: हेल्मेटला, चष्म्याच्या दांडीला किंवा मनगटावर. परदेशात पहिले दोन जास्त चालतात. अमेरिकेत हौशी सायकलस्वारांनी सायकलच्या जुन्या स्पोकची तार वाकवून, तिच्या टोकाला बोटाएवढा आरशाचा तुकडा चिकटवून चष्म्याला लावायचे आरसे घरी केले. बोटाएवढ्या आरशात काय दिसणार, असं वाटतं ना? दाराच्या फटीला लांबून बघितलं तर काहीच दिसत नाही, डोळा लावला तर अख्खी खोली दिसते. आरसा डोळ्याच्या जितका जवळ, तितकं त्यात जास्त मावतं. आणि मान जराशी हलवली की आरशातला रस्ताही सरकतो, म्हणून सगळा मागचा भाग चाळून घेता येतो.

तरीही मी आपल्या मुलींना मनगटाचाच सुचवते. एक तर सायकलवर हेल्मेट आपल्याकडे फारच थोड्या मुली घालतात. घालायला हवं, पण आजची स्थिती ही आहे. दुसरं म्हणजे स्कार्फ गुंडाळल्यावर चष्म्याच्या दांडीला काही टिकत नाही. आणि तिसरं, पडलो तर डोळ्याजवळ तार आणि आरसा असणं मला पटत नाही. ज्यांना चष्म्याचाच हवा त्यांनी काचेचा मुळीच घेऊ नये, अॅक्रिलिकचा घ्यावा आणि दांडी धक्क्याने दुमडणारी असावी.

कुठेही लावा, पण उजव्याच बाजूला. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि ओलांडणारी गाडी आपल्या उजवीकडून जाते. इंटरनेटवर दिसणारे पुष्कळ आरसे डाव्या बाजूला लावलेले असतात, कारण तिथल्या देशांत वाहनं उजवीकडून चालतात. ते चित्र बघून तसाच बांधू नका.

मनगटावर बांधताना एक गोष्ट हमखास चुकते. बाया घड्याळासारखा सपाट बांधतात आणि मग म्हणतात, ताई, यात तर आभाळ दिसतं. दिसणारच. आपला डोळा वर आहे, रस्ता मागे आहे. या दोघांच्या मधोमध आरशाचं तोंड हवं. म्हणजे तो मनगटावर उभा पाहिजे, तोंड आपल्याकडे, आणि वरच्या बाजूने थोडा पुढे कललेला. विकतच्या आरशांना यासाठी बिजागरी असते. घरी करायचा तर जुन्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा पाचरीसारखा कापायचा आणि त्यावर आरसा चिकटवायचा. रुंद इलॅस्टिकचा पट्टा, त्याला वेलक्रो, आणि पट्ट्यावर ही पाचर शिवून टाकायची. शिलाई मशीन असलेल्या कुठल्याही गटाला हे काम जमेल. आरसा मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो गोल, चिकटवायचा, प्लास्टिकच्या कडेचा चालतो. त्यात काच असेल तर पाठीमागून पूर्ण चिकटपट्टी लावा, म्हणजे फुटला तरी तुकडे उडत नाहीत. पाचर किती उतरती हवी हे मापाने सांगता येणार नाही, कारण प्रत्येकीचं हँडल आणि हात वेगळा. सायकल स्टँडवर लावून, सीटवर बसून, मागे कोणाला तरी उभं करून पाचर तासत जा. मागचा माणूस कमरेपासून वर दिसला आणि कडेला आपल्या कोपराची किंचित पट्टी दिसली, की बसला म्हणायचं. ती पट्टी दिसू द्या. तिच्यावरून गाडी आपल्यापासून किती बाजूला आहे त्याचा अंदाज येतो.

आरसे दोन जातींचे असतात, सपाट आणि फुगीर. फुगीर आरशात जास्त रस्ता मावतो, पण सगळं लहान दिसतं, आणि लहान दिसलं की मनाला ते लांब वाटतं. गाडी खरी त्याहून जवळ असते. मोटारीच्या गोल आरशात हीच गोम आहे, म्हणून त्यात ट्रक लांब दिसला तरी "अजून वेळ आहे" असं धरून वळायचं नाही. सपाट आरशात रस्ता थोडा मावतो, पण अंतर खरं कळतं. चाळिशी लागलेल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. सपाट आरसा हाताजवळ असला तरी त्यात बघायला वाचायचा चष्मा लागत नाही, कारण आरशातली गाडी डोळ्याला तितकीच लांब भासते जितकी ती खरंच लांब आहे. फुगीर आरशात मात्र प्रतिमा जवळ तयार होते, आणि चाळिशीनंतर ती काहींना धूसर दिसते. तुम्हाला तसं झालं तर डोळे बिघडले असं समजू नका, आरसा बदला.

आरशात डावं-उजवं उलटं होतं का, हे पुष्कळजणी विचारतात. अक्षरं उलटी दिसतात, म्हणून तर रुग्णवाहिकेच्या तोंडावर नाव उलटं लिहिलेलं असतं. पण तुमच्या मागे उजवीकडे असलेली गाडी आरशातही उजवीकडेच दिसते. त्याची काळजी नको.

सराव शाळेच्या मैदानावर करा. मागे एक मैत्रीण उभी राहून बोटं वर करते, सायकलवरची आरशात बघून आकडा ओरडते. मुलींना हा खेळ फार आवडतो, आणि त्यातून त्यांना समजतं की एक नजर पुरते, टक लावायची नसते. आधी समोरचं बघायचं, मोकळं असेल तर आरशात डोकावायचं, लगेच पुढे. खड्ड्यांच्या तुकड्यात, पुलावर, गर्दीत आरशाकडे बघूच नका. पहिला आठवडा गल्लीत आणि शेतरस्त्यावरच काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजवीकडे वळायचं असेल तेव्हा फक्त आरशावर जाऊ नका. आरशात मागचं दिसतं, पण अगदी शेजारी आलेली मोटारसायकल दिसत नाही. पहिल्या गाडीच्या आड लपलेली दुसरी दिसत नाही. ट्रॅक्टर दिसतो, पण त्याच्या मागच्या ट्रॉलीतला कापूस किती बाहेर आलाय ते दिसत नाही. पुढचा भाग गेला म्हणून आत वळलं की ट्रॉलीचा फटका बसतो. म्हणून आधी आरसा, मग हात दाखवणं, मग एकदा मान वळवून खात्री, आणि मगच वळणं. आरशात रस्ता मोकळा दिसला असेल तर ही मान वळवणं धोक्याचं राहत नाही. महामार्ग ओलांडायचा असेल तर मी सरळ उतरून, सायकल हातात धरून ओलांडा म्हणेन. यात कमीपणा नाही.

संध्याकाळी आरशाचा उपयोग निम्म्यावर येतो. फक्त दिव्यांचे ठिपके दिसतात, ते किती लांब ते कळत नाही. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीमागून आरशात चमकतो, तेव्हा तो थोडा फिरवून घ्यावा. आणि हे लक्षात असू द्या की आरशामुळे तुम्हाला गाडी दिसते, गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही. त्यासाठी रेडियम. मागच्या मडगार्डवर लाल, पेडलवर पिवळं, आणि आरशाच्या पट्ट्यावरही एक पट्टी शिवून टाका. पेडलवरचं रेडियम वर-खाली हलतं, म्हणून लांबूनही सायकल आहे हे ओळखू येतं.

मुलींच्या एका बैठकीत आरशाचा दुसरा उपयोग मला मुलींनीच सांगितला. मागे कोणी मोटारसायकल हळू चालवत येत असेल, तर वळून बघायची भीती वाटते; बघितलं तर त्याला वाटतं आपल्याकडे बघितलं. आरशात न वळता कळतं. तोच माणूस दोन वळणं मागे राहिला तर निर्मनुष्य रस्त्यावर थांबू नका. टपरी, पेट्रोलपंप, वस्ती, जिथे माणसं आहेत तिथे सायकल वळवा आणि मग ११२ ला फोन करा. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी १०९८ पण आहे. गाडीचा नंबर आरशात उलटा दिसतो, वाचता येत नाही, तो पुढे गेल्यावर वाचा. आणि घरी सांगा. आयांनो, मुलीने हे सांगितलं तर तिची सायकल बंद करू नका. त्याने पाठलाग केला आणि शाळा हिची सुटली, हा कुठला न्याय?

एक जुनी गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. इंग्लंडमध्ये डोरोथी लेविट नावाची बाई मोटारी चालवायची, शर्यतीत भाग घ्यायची. तिने १९०९ साली बायकांसाठी मोटार चालवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तिने सुचवलंय की गाडीत एक हातआरसा ठेवावा आणि रहदारीत तो मधूनमधून उंच धरून मागचं बघावं. पुढे १९११ साली अमेरिकेत रे हॅरून याने शर्यतीच्या गाडीला आरसा लावला, ती शर्यत जिंकली, आणि आरशाचं श्रेय बहुतेक ठिकाणी त्यालाच मिळालं. पण पर्समधला आरसा रस्त्यासाठी वापरायचं दोन वर्षं आधी एका बाईने लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे तांड्यावरच्या बंजारा बायका तर अंगभर आरसे लेतात. एखादा कामाला लावायला काय हरकत आहे!

कोणी म्हणेल, ट्रकवाले वेगात येतात आणि आरसा मुलींनी बांधायचा? हा राग बरोबर आहे. आरसा बांधला म्हणून मागच्याची जबाबदारी संपत नाही, आणि आरसा नव्हता म्हणून पडलेल्या मुलीचा दोष होत नाही. साइडपट्टी भरून घेणं, शाळेजवळ गतिरोधक आणि फलक लावणं, हे विषय ग्रामसभेत लेखी द्या. ग्रामसंघाचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येतं. पण त्या कामाला महिने लागतात आणि शाळा उद्या सकाळी आहे, म्हणून दोन्ही चालू ठेवायचं.

जाता जाता एका ताईंचा प्रश्न. त्या डावऱ्या आहेत, तर आरसा डाव्या मनगटावर चालेल का? नाही चालणार, ताई. गाडी उजवीकडूनच येणार आहे. बांधायला मात्र तुम्हाला सोपं जाईल, पट्टा डाव्या हाताने ओढायचा आहे.